आवाज कुंकवानं गेला नव्हता

आमच्या घरात दर दसऱ्याला एक विनोद सांगितला जातो. आजीनं आयुधपूजेला कॉम्प्युटरची इतकी मनापासून पूजा केली की कॉम्प्युटरनं मौनव्रत घेतलं. पुण्याला मुलीच्या सासरीही तो सांगतात म्हणे.

माझी बायको होती तोवर हा विनोद तीच सांगायची, आणि तिच्याइतका रंगवून दुसऱ्या कोणालाच जमला नाही. डोळे मिटून, तोंड घट्ट आवळून ती कॉम्प्युटर व्हायची, मग हात जोडून स्वतः व्हायची. सगळे हसायचे. मीही हसायचो.

ती जाऊन दोन वर्षं होत आली. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे आणि हे लिहून ठेवायला आधीच फार उशीर केला आहे. तो विनोद खोटा आहे. कॉम्प्युटरचा आवाज तिच्या कुंकवानं गेला नाही. तो मी बंद केला. एकदा नव्हे, दोनदा.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात विजेच्या मेंटेनन्सला लागलो आणि म्हैसूरचा झालो. बायको इथली. तिचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. घोडे जाऊन चार पिढ्या झाल्या, घरातले लोक शाळांत, कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागले, पण घरात मराठी राहिली. राहिली ती त्यांच्या पद्धतीनं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये जाऊन बसायचं. थोडं म्हणजे ‘स्वल्प’, झालं म्हणजे ‘आयतु’, आणि दर दुसऱ्या वाक्याला शेपटी ‘अल्वा?’, म्हणजे ‘हो की नाही?’. मला ती अहो म्हणत नसे, इथल्या बायकांसारखी ‘री’ म्हणायची.

लग्नापासून मी तिची मराठी दुरुस्त करत होतो. ती बोलत असायची आणि मी मध्येच योग्य शब्द टाकायचो. ती तो शब्द एकदा म्हणायची आणि पुढच्या वाक्यात विसरायची. इथल्या मराठी मंडळात गणपतीत मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक असे. कन्नड शब्द आला की अर्धा गुण कापायचो. त्या कडकपणाबद्दल माझं नाव होतं आणि मला ते आवडायचं.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा आपला कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेली. तेव्हाच तो जुना होता. नात पाच वर्षांची झाली तशी दर रविवारी दहा वाजता बायको त्याच्यापुढं बसू लागली. मुलीनं एक छोटा माईक आणि स्पीकर जोडून दिले होते, मागाहून कॅमेरा पाठवला. बायको नातीला गोष्ट सांगायची. तिच्या माहेरची, एका पांढऱ्या घोडीची. ती गोष्ट दर रविवारी पुढं सरकायची आणि अडचणीच्या जागी थांबायची. नात पुण्याहून ओरडायची, “आजी, पुढं?” आणि ही म्हणायची, “पुढं पुढच्या रविवारी. आज एवढंच आयतु.” सगळं घर त्या आवाजानं भरायचं. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि चुका मोजायचो.

एक दिवस माझ्या पुण्यातल्या बहिणीचा फोन आला.

“दादा, अभिनंदन. तुझी नात कानडी झाली.”

“म्हणजे?”

“शाळेत बाईंना म्हणाली, ‘बाई, स्वल्प थांबा.’ सगळा वर्ग हसला. बाईंनी तुझ्या मुलीला विचारलं, घरी कोण बोलतं असं. आणि तू तिकडं परीक्षक! घरात काय दिवे लावलेस रे?”

ती हसत होती. मला हसू आलं नाही. संध्याकाळी बायको डोशाचं पीठ ढवळत होती, तिथं जाऊन मी म्हटलं, “रविवारी यापुढं नातीशी मी बोलणार. तू आधी नीट बोलायला शीक.”

तिनं वरही पाहिलं नाही. “बोला की री, कोण नको म्हणतं? पण तुमची मराठी छापलेली. मागं तुम्ही बोललात तर पोर खुर्चीतच झोपली, पाप, बिचारी! झोपली, अल्वा?”

तिनं सहज गंमत केली होती. पण ते खरं होतं, आणि म्हणून मला झोंबलं.

कारखान्यात शेवटची काही वर्षं कंट्रोल रूमचे कॉम्प्युटर माझ्याकडे होते. त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक होती. यंत्र सुरू होताना एक बटण दाबून धरलं तर निळा पडदा उघडतो. विंडोज सुरू होण्याच्या आधीचा. तिथं एका ओळीत यंत्रातला आवाजाचा भाग चालू किंवा बंद करता येतो. बंद केला की विंडोजला तो भाग आहे याचा पत्ताच लागत नाही. घड्याळाशेजारचं स्पीकरचं चित्र नाहीसं होतं, आवाजाच्या सेटिंग उघडल्या तर सगळं पुसट दिसतं आणि ऑडिओ डिव्हाइस नाही असा निरोप येतो. दुरुस्ती करणारा तारा बघतो, स्पीकर बदलतो, ड्रायव्हर पुन्हा घालतो. निळ्या पडद्यापर्यंत फार थोडे जातात.

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी, ती अंघोळीला गेलेली असताना, मी ती ओळ बंद केली. दोन मिनिटांचं काम. दोन-तीन रविवार चुकले की गोष्टीची सवय मोडेल, मग परत चालू करू, असा हिशेब होता.

मेंटेनन्सवाल्याला पहिल्या दिवशी एक नियम शिकवतात. मशीन बंद करून आत हात घालायचा तर स्विचला आपलं कुलूप आणि आपल्या नावाची पाटी लावायची. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं नाही. पाटी न लावता मशीन बंद ठेवणाऱ्या एका फिटरला मी स्वतः सगळ्यांसमोर झापलं होतं. त्या सकाळी मी कुलूप लावलं आणि पाटी लावली नाही.

मग ती पूजेला लागली. इथं आयुधपूजेला स्कूटरपासून विळीपर्यंत सगळ्याला गंध-कुंकू लागतं. तिनं ओल्या फडक्यानं कॉम्प्युटर पुसला, पडद्याला, सीपीयूच्या डब्याला, दोन्ही स्पीकरना गंधाची बोटं ओढली, कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. डब्याची मागची बाजूसुद्धा तिनं सोडली नाही. “इथूनच पोरीचा आवाज येतो, अल्वा?” म्हणत तिथंही कुंकू लावलं. पूजेला बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचं नसतं, म्हणून कोणी तो सुरू केला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, तो रविवारीच होता. मी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं आणायला अग्रहाराच्या बाजारापर्यंत चालत गेलो आणि मुद्दाम सावकाश आलो. दारातच तिची हाक आली.

“री, या हो जरा. काय झालं बघा. आवाजच नाही!”

पडद्यावर मुलगी कानाला हात लावून तोंड हलवत होती. मागं नात उड्या मारत होती. काहीच ऐकू येत नव्हतं.

“काय दाबलंस?” मी विचारलं.

“देवाशपथ काही नाही. स्वल्प आधी मी...” ती थांबली. “नाही. काही नाही.”

ती काय सांगणार होती ते मी विचारलं नाही. मी तारा काढल्या, घातल्या, डबा थोपटला, मान हलवली. चाळीस वर्षं ज्या कामाच्या पगारावर मी सही केली, त्याचं नाटक तिच्यासमोर केलं.

आठवड्यानं अग्रहारातल्या दुकानातला दुरुस्तीवाला आला. मी नको म्हणत होतो, तिनंच बोलावलं. तो तासभर बसला. ड्रायव्हर काढून घातला, सेटिंग उघडून मिटल्या. शेवटी डबा फिरवून त्यानं मागं टॉर्च मारला, आणि माईकच्या भोकातून काडीनं लाल चिमूट बाहेर काढली.

“पूजा केली का, अम्मा?” त्यानं कन्नडमध्ये विचारलं. “ओल्या फडक्यानं पुसलंत? आत गेलंय. बोर्डवरची आवाजाची चिप गेली.” मग माझ्याकडं वळून, “सर, बाहेरून एक छोटं साउंड कार्ड लावून देतो. एका दिवसाचं काम.”

“जुन्या मशीनला कशाला?” मी म्हटलं.

बायको दाराशी उभी होती. तिनं आधी आपल्या बोटांकडं पाहिलं, मग ती पदराला पुसली. बोटं स्वच्छच होती.

“माझ्याच हातानं झालं,” ती म्हणाली.

या जागेवर मी बोलायला हवं होतं. चाळीस आयुधपूजा मी कारखान्यात केल्या. मोटारींना, पॅनेलना हळद-कुंकू लावलं, दारात कोहळे फोडले. चिमूटभर कुंकवानं मशीन मरत नाही हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. मी दुरुस्तीवाल्याला चहा घेणार का असं विचारलं.

दोन-तीन रविवार गेले. मग चालू कसं करायचं? आवाज कसा परत आला, हे सांगावं लागलं असतं. तोवर मुलीनं तो विनोद तयार केला होता, पुण्यात तो गाजला होता, आणि बायकोही त्यात सामील झाली होती. मला वाटायचं, हसते आहे म्हणजे तिला फार लागलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला तिचं एवढंच कळत होतं.

ती कॉम्प्युटरला परत शिवली नाही. पुढच्या आयुधपूजेला विळीला, कात्रीला, शिलाई मशीनला कुंकू लागलं, विजेच्या वस्तूंवर तिनं लांबूनच अक्षता टाकल्या. पुढं सगळ्यांकडं मोठे मोबाइल आले. मुलीनं तिच्यासाठी एक पाठवला. तिनं तो कपाटात ठेवला. “नको ग, माझा हात लागला की बिघडतं.” फोन यायचा तो माझ्या मोबाइलवर. मी तो तिच्या कानाशी धरायचो आणि शेजारी उभा राहायचो. मी ऐकतो आहे हे माहीत असल्यानं ती जपून, शुद्ध बोलायची. “बरी आहेस? जेवलीस? अभ्यास कर. ठेवते.” घोडी कुठं राहिली कोण जाणे. नातीनं दोन-तीनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. मुलं मोठी होतात.

आता दुसऱ्या वेळेचं सांगतो. यंत्रात एक नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की निळ्या पडद्यावरच्या सगळ्या ओळी मूळ जागी जातात. काही वर्षांनी ती संपली. बायको देवळात गेली होती. मी जुनी पत्रं शोधायला कॉम्प्युटर लावला आणि विंडोजची सुरुवातीची धून एकदम खोलीभर वाजली. मी दचकून उभा राहिलो. घड्याळाशेजारी स्पीकरचं चित्र परत आलं होतं. माझं कुलूप आपोआप गळून पडलं होतं. मला काहीही कबूल करावं लागलं नसतं. ती देवळातून आल्यावर ‘अगं, आवाज आला’ एवढंच म्हणायचं होतं.

मी बाजारात जाऊन नवी बॅटरी आणली, बसवली, आणि ती ओळ पुन्हा बंद केली.

इतक्या वर्षांचं ते झाकण उचललं तर खाली काय निघेल याची मला भीती वाटली. आणि घर शांत होतं, ते मला सोयीचं होतं. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

दवाखान्यात तिच्या शेवटच्या आठवड्यात एकदा मी सुरुवात केली. “ते कॉम्प्युटरचं...” एवढंच म्हणालो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अजून मनात आहे का री? मुद्दाम नव्हतं केलं. माफ करा, आयतु?”

मी मान हलवली. मी तिला माफ केलं.

यंदा दसऱ्याला मुलगी आणि नात आल्या. नात आता कॉलेजात आहे. आल्या दिवशीच ती म्हणाली, “आजोबा, माझ्याकडं आजीचे किती फोटो आहेत, पण आवाज एकही नाही. कोणी व्हिडिओ काढायला लागलं की ती तोंडाला पदर लावायची. तो जुना कॉम्प्युटर आहे ना अजून? त्यात काहीतरी असेल.”

“त्याला आवाज नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे, मौनव्रत!” ती हसली. “पण आजोबा, कुंकवानं साउंड कार्ड जात नसतं. आधी आजीला निर्दोष सोडवते, मग फाइली शोधते.”

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी ती सकाळभर त्याच्यापुढं बसली. स्पीकर बदलून पाहिले, हेडफोन लावून पाहिला. सेटिंग उघडल्या. मोबाइलवर वाचत वाचत एकेक पायरी करत होती आणि मोठ्यानं सांगत होती. “सर्व्हिस चालू आहे... डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावच नाही... लपवलेली दाखव म्हटलं तरी नाही. बिघडलं असेल तर निदान पिवळी खूण यायला हवी. हे तर असं आहे, जसं काही यात आवाज कधी नव्हताच.” मी मागं खुर्चीवर बसून होतो. जेवायच्या वेळेला तिनं हात टेकले.

“हरले. आजीच दोषी. सॉरी, आजी.”

मुलगी स्वयंपाकघरातून हसली. “सांगितलं होतं ना? आमच्या आईचं काम पक्कं असायचं.”

मी उठलो. “सरक जरा,” म्हटलं. यंत्र बंद करून सुरू केलं आणि ते बटण दाबून धरलं. निळा पडदा आला. ओळीची जागा अजून आठवत होती. ओळ चालू केली. विंडोज उघडताना धून वाजली.

मुलगी हातातली पळी तशीच धरून बाहेर आली.

“आजोबा, तुम्हाला माहीत होतं?” नात म्हणाली.

“मीच बंद केला होता. तुझ्या आजीनं पूजा करायच्या आधी.” मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बहिणीचा फोन, दुरुस्तीवाला, बॅटरी. दवाखान्यातलंही. मुलीनं मध्ये एकच प्रश्न विचारला.

“तिनं तुमची माफी मागितली?”

“हो.”

“आणि तुम्ही दिलीत.”

ती पळी टेबलावर ठेवून खाली बसली. नात, काहीतरी करायचं म्हणून असेल, फाइली उघडत राहिली. मग म्हणाली, “आई, आजी आहे.”

कॅमेऱ्यानं घेतलेला व्हिडिओ होता, अकरा मिनिटांचा. बायको नवी साडी नेसून, केसांत शेवंती माळून, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसली होती. तिनं आधी नमस्कार केला, मग हसून बोलू लागली. तोंड हलत होतं. आवाज नव्हता. नातीनं स्पीकर वाढवला, दुसरी, गाण्याची फाइल लावून पाहिली, ती वाजली. परत ही लावली. मग ती फाइलची माहिती वाचत राहिली.

“यात आवाज भरलेलाच नाही,” ती हळू म्हणाली. “दसऱ्याची तारीख आहे. सकाळची.”

मी बन्नीची पानं आणायला गेलो होतो तेव्हाची. ‘स्वल्प आधी मी...’ म्हणून थांबली होती, ते हे. नातीचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात होता. अख्खी गोष्ट शेवटापर्यंत सांगून ती पाठवणार असावी. माईकला ती जवळजवळ टेकून बोलत होती, आणि माईकच्या पलीकडं मी कुलूप लावलेलं होतं.

मुलगी पडद्याजवळ सरकली. लहानपणी तिनंही ही गोष्ट ऐकली होती. आईच्या ओठांकडं बघत ती बोलू लागली. “एक होती पांढरी घोडी, अल्वा? ती येलवालच्या विहिरीशी आली... स्वल्प पाणी प्याली... मग मान वर करून...” आईचे हात वर गेले, काहीतरी मोठं दाखवून खाली आले. मुलगी अडली. परत मागं नेऊन लावलं, परत तिथंच अडली.

“पुढचं मला नाही येत.” ती माझ्याकडं वळली. “बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही दर रविवारी आतल्या खोलीत होतात. तुम्ही सगळी ऐकलीय.”

नातही माझ्याकडं बघत होती.

मी पडद्याकडं पाहिलं. विहीर आठवली. घोडी विहिरीशी आली तेव्हा बायको ‘बावी’ म्हणाली होती आणि मी आतून ‘विहीर’ असं ओरडलो होतो. ‘कुदुरे’ म्हणाली होती तेव्हा ‘घोडी’ म्हणालो होतो. ती कुठं कुठं चुकली हे मला एकेका रविवारचं सांगता आलं असतं. घोडीचं पुढं काय झालं, ती घरी पोचली की नाही, हे मी ऐकलंच नव्हतं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

मुलीनं व्हिडिओ थांबवला नाही. तो संपेपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो. शेवटी बायकोनं कॅमेऱ्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं, उत्तराची वाट बघितल्यासारखी जरा थांबली, आणि बटण शोधायला पुढं वाकली.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. मुलीनं कॉम्प्युटर ओल्या फडक्यानं पुसला, गंध-कुंकू लावलं, मागच्या बाजूलाही लावलं. माझ्याशी ती बोलत नव्हती. मी एका पुठ्ठ्यावर कारखान्यातल्यासारखी पाटी लिहिली: याचा आवाज मी बंद केला होता. खाली माझं नाव लिहिलं, सही केली. ती डब्यावर, फुलाशेजारी ठेवली. मुलीनं ती वाचली आणि राहू दिली.

जेवताना विनोद कोणी सांगितला नाही.